बायकांच्या बाजूनं ती डावरी होती

उजव्याच हातानं मारत होती ती, अव्वा. तू कितीही मान हलवलीस तरी. दहा वर्षं झाली तुला मातीत बसवून, तरी ही गोष्ट मनात निघाली की तुझा चेहरा तसाच पुढं येतो. हनुवटी वर, ओठ घट्ट, जसं काही मीच कुठंतरी वेडंवाकडं बघून आलो. चुकलीस तू. पडद्याच्या चुकीच्या बाजूला बसलीस, आणि तिथून जे दिसलं त्याच्या जोरावर घर उलटंपालटं करायला निघालीस. असं कुणाची आई करते का? सिनेमाच्या तंबूतली गोष्ट तंबूत सोडावी, लुगड्याची धूळ झटकावी, चुलीला लागावं. अणदूरच्या बाकी सगळ्या बायकांनी तेच केलं. तुलाच तेवढं त्या बाईला घरी घेऊन यायचं होतं.

मी आता मुंबईत आहे, हे तुला कोण सांगणार? सिनेमे काढणाऱ्या एका कंपनीत दिवे ओढतो. देवळाच्या मंडपाएवढी खोली, वर छताखाली फळ्या टाकलेल्या. त्या फळ्यांवर बसून हंड्याएवढे दिवे खाली रोखून धरायचे आणि साहेब ओरडेल तसे वळवायचे. तू ज्या बाईला देवीसारखं बघून आलीस, तसल्या बाया मी रोज वरून बघतो, त्यांच्या भांगाच्या बाजूनं. कुणाचे केस विरळ झालेत, कुणी खोटा अंबाडा लावलाय, मला सगळं ठाऊक. आणि त्या बसतात तो घोडा लाकडाचा असतो, अव्वा. खरा घोडा लांबून पळताना दाखवतात, त्याच्यावर बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी, कधी तर लुगडं नेसवलेला गडी. बाईचं तोंड जवळून दाखवायचं असलं की तिला लाकडाच्या घोड्यावर बसवतात. खाली दोन माणसं तो घोडा हलवणार, तिसरा पंखा धरून तिचे केस उडवणार. शेपटाकडचा माणूस मी. परवा एक राणी लढाईला निघाली होती. कपाळावर घाम म्हणून पाण्याचे थेंब लावलेले. मधेच तलवार खाली करून मला म्हणाली, "अरे शेपटावाल्या, जेवला नाहीस का? जीव लावून हलव की!" सगळे हसले. मीही हसलो. तू असतीस तर हसली नसतीस. तू त्या घोड्याला चारा घालायला गेली असतीस.

सगळ्याच खोट्या असतात असं मात्र मी म्हणत नाही. एक आहे. गेल्या उन्हाळ्यात तिनं माडीवरून स्वतः उडी मारली. घोटा सुजून वांग्यासारखा झाला. तिला उचलायला एक जण धावला तर त्याच्या थोबाडीत दिली, लंगडत परत माडीवर चढली आणि म्हणाली, "फिर से." त्या दिवशी वरच्या फळीवर मला तू आठवलीस, आणि राग आला. तिचा नाही, तुझा. पण त्याच सिनेमाचा शेवटचा दिवस कसा होता, तो ऐक. तिला शालू नेसवला, डोक्यावर पदर दिला, आणि जिनं दोन तास माणसं लोळवली तिला नवऱ्याच्या पायाशी तलवार ठेवून खाली बसवली. साहेब सांगत होता, "नजर खाली. अजून खाली." शेवटच्या दिवशी असंच असतं. पहिले सगळे दिवस चाबूक, शेवटच्या दिवशी पदर. तुझ्या त्या सिनेमातही तेच झालं होतं, आणि आडावर कुणीतरी तुला त्याची आठवण करून दिली तेव्हा तू काय म्हणालीस? "शेवटचं रीळ दुसऱ्या खेळाचं आसंल. घाईत चुकून जोडलंय मुडद्यांनी." बायका कळशा खाली ठेवून हसल्या होत्या.

तू डावरी होतीस. उमरग्याच्या पलीकडच्या कानडी मुलखातली, मराठी बोलताना अडखळणारी, हाताची मात्र भलती चपळ. लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्याच पंगतीला आत्यानं ओळखलं म्हणे. आत्या आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर परत आली आणि सोलापूर-हैदराबाद सडकेवर खानावळ घातली. गाडीवान, व्यापारी, तुळजापूरला निघालेले लोक, सगळे तिथं जेवायचे. खानावळ तिची, घर तिचं, आप्पाही तिचेच. आप्पा लाकडं फोडायचे, पाणी भरायचे, गल्ल्यावर बसायचे, आणि ती बोलत असली की डोळे मिटून घ्यायचे. डाव्या हातानं वाढलेलं अन्न कोण खाणार, ही आत्याची काळजी. "ए एडगै," ती तुझ्याच कानडीत तुला 'डावरे' म्हणून हाक मारायची, "तुज्या ह्या हातापायी गिऱ्हाईक उठून जाईल माजं. उजव्या हाताची सवय कर." सवय होईना. मग तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली. भाकरी थापायला दोन्ही हात लागतात म्हणून थापेपर्यंत हात मोकळा. पंगत बसली की तुझं डावं मनगट मागं नेऊन कंबरेला बांधायची, वरून पदर. गाडीवानांना वाटायचं, काय शालीन सून आहे, एक हात पदराबाहेर काढत नाही. तू उजव्या हातानं वाढायचीस ते सांडत, थरथरत, लहान पोरासारखं. आणि कधी पट्टी सैल होऊन डावा हात आपोआप पुढं आलाच, तर पंगत उठल्यावर आत्या उलथनं चुलीत धरायची. चार डाग होते तुझ्या त्या हाताच्या पाठीवर. मी लहानपणी त्यांच्यावर बोट फिरवत झोपायचो.

एका सकाळचं आठवतं. आंघोळी झाल्यात, तू, आत्या, आप्पा, तिघं ओळीनं बसलात, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलंय, डोळे त्याच्यावर. पूजा संपते. तू लिंग परत वस्त्रात बांधता बांधता हळूच म्हणतेस, "वन्सं, देव ह्याच हाताव बसतोय की. मग ह्या हातानं भाकर वाढली तर काय वंगाळ?" आप्पांनी डोळे मिटले. आत्यानं मानही वळवली नाही. "देव बसतोय म्हनूनच," ती म्हणाली. "देवाच्या पाटाव कुनी भाजी चिरतं का?" तू वस्त्राची गाठ मारून चुलीकडं गेलीस. आत्याला उत्तर देणारं माणूस तोवर मी बघितलं नव्हतं.

मग खंडोबाच्या जत्रेत तो तंबू आला. गावानं बोलपट पहिल्यांदा बघितला तो तेव्हा. बायका येणार तर त्यांचा पडदा राखला पाहिजे, असं गावातल्या चार मोठ्या माणसांनी सांगितलं. तंबूवाला हुशार. त्यानं सिनेमाचा पडदा तंबूच्या मधोमध टांगला. यंत्राकडच्या बाजूला गडी, पडद्याच्या मागच्या बाजूला बायका. ना ह्यांना त्या दिसणार ना त्यांना हे, तरी सिनेमा दोघांना. बायकांचं तिकीट निम्मं. आवाजाचा भोंगा त्यांच्याच बाजूला होता, त्यामुळं त्यांना गड्यांपेक्षा जास्त ऐकू गेलं. अक्षरं मागून उलटी दिसत असणार, पण तिकडं वाचणारं कोण होतं? तू दारातच माझं मनगट धरलंस. "माज्याजवळ बस." मी अकरा वर्षांचा. हात हिसडून म्हणालो, "मी काय बायकांत बसू?" आत्या म्हणाली, "जाऊ दे त्याला. गडी हाय त्यो आता." त्या एका वाक्यावर मी महिनाभर ताठ चाललो असेन.

गोष्ट तुला माझ्यापेक्षा पाठ होती. सासरच्यांनी घरातून हाकललेली सून, डोंगरात राहते, डोळ्यांवर काळं फडकं बांधून घोड्यावरून येते आणि चाबकानं कोतवालाच्या शिपायांना फोडून काढते. बोली हिंदी, पण आपण निजामाच्या मुलखातले, ती आपल्याला कचेरीतल्या बोलीसारखीच वाटली. मधेच बायकांच्या बाजूनं असा गलका उठला की गडी माना वर करून बघायला लागले. पलीकडं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही सगळ्याजणी उठून उभ्या राहिला होतात.

"वन्सं, बघितली का?" सकाळी चूल पेटवताना तू म्हणालीस. "डावरी व्हती." आत्यानं ते खोडलं नाही, पीठ चाळत राहिली. तिथंच माझं लक्ष गेलं. कारण आत्याही तुझ्या शेजारीच बसली होती तंबूत, आणि तिनंही स्वतःच्या डोळ्यांनी डावा हातच बघितला होता. आडावर तीच गोष्ट. तेलीण म्हणाली, "पाच शिपाई, बाई, पाच, एकल्या डाव्या हातानं!" तू कळशी डाव्या हातानं ओढलीस आणि कुणी काही म्हटलं नाही.

दुपारी पंगत बसली. आत्या पट्टी घेऊन आली तशी तू भिंतीला पाठ लावलीस. "आज न्हाय बांधायची." टोपली उचललीस आणि डाव्या हातानं वाढायला लागलीस. मी दारातून बघत होतो. तुझा हात तसा चालताना मी कधी बघितलाच नव्हता. भाकरी ताटात पडायची ती बरोबर मध्यावर, भाजी एक थेंब न सांडता. एक जाडा गाडीवान ताट मागं सारून म्हणाला, "ए बाई, कंच्या हातानं वाढतीस?"

"ज्या हातानं थापली त्याच हातानं," तू म्हणालीस. "थापताना दोनी लागतात, तवा तुमास्नी दिसलं न्हाय व्हय?"

"म्या न्हाय खानार असलं."

"मग उठा. म्होरली खानावळ नळदुर्गाला. बैल इचारा, येत्यात का."

पंगत अशी हसली की त्याच्या शेजारच्याला ठसका लागला. जाड्यानं ताट परत ओढलं आणि पाच भाकरी खाल्ल्या. पंगत उठल्यावर आत्यानं उलथनं चुलीत धरलं. लाल झालं. ती तुझ्याकडं आली. तू हलली नाहीस. तू त्याची दांडी तिच्या हातातून डाव्या हातानं काढून घेतलीस, अगदी हळू, एखाद्या पोराच्या हातातली सुरी घ्यावी तशी, आणि खुंटीला अडकवलंस. "त्या कोतवालाची गत बघितली न्हवं वन्सं?" एवढंच म्हणालीस. आत्या उंबऱ्यावर बसली.

चार दिवस. मी नंतर पुष्कळदा हिशोब केला, चारच दिवस होते ते. तू कानडीत काहीतरी गुणगुणायचीस. गिऱ्हाईक लवकर उठायचं, कारण वाढणं झटपट व्हायचं. आप्पा एकदा गल्ल्यावरून तुझ्याकडं बघत राहिले आणि तू बघितलंस तसे पैसे मोजायला लागले. गूळ-शेंगदाण्याचा खडा तू मला डाव्या हातानं दिलास आणि म्हणालीस, "घे, तुज्या आईच्या खऱ्या हाताचा."

पाचव्या दिवशी जे झालं त्यात तुझा दोष तो कितीसा, हे मी ठरवत बसत नाही. पण गप्प बसली असतीस तर? तंबूची माणसं आपल्याकडंच जेवायची. त्यांच्यातला मशीनवाला, बोटं तेलानं काळी झालेला, सोलापूरकडचा. मी दिवसभर त्याच्या मागं मागं. रिळांचे डबे उचलायचो, त्याची विडी पेटवून द्यायचो. तो म्हणाला होता, "बघू, एक पोरगं लागतंच मला." ते "बघू" मी देवाच्या अंगाऱ्यासारखं जपून ठेवलं होतं. मला त्या गावात राहायचंच नव्हतं, अव्वा. तेव्हाही नव्हतं, तुझ्यासाठीही नव्हतं.

तो जेवत होता आणि आत्यानं विचारलं. चार दिवस तिच्या पोटात तेच असणार. "का वो, तुमची ती चाबूकवाली डावरी कशी काय?"

मशीनवाल्याचा घास तोंडातच राहिला. "डावरी? कोण म्हणतं?"

"मी म्हनते," तू स्वयंपाकघराच्या दारातून. "आमी समद्या म्हनतो."

तो हसायला लागला. समजावून सांगायला लागला, पडद्याच्या मागून बघितलं की उजवं ते डावं दिसतं, डावं ते उजवं. पंगतीतल्या कुणालाच कळेना. तू म्हणालीस, "तुमी यंत्र फिरवनार, तुमास्नी काय ठावं? तीस बायकांनी बघितलंय." तेव्हा आत्या माझ्याकडं वळली. "तू गड्यांत व्हतास की रं. सांग. कंच्या हातानं?"

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. मशीनवालाही. आणि तू. तुझ्या डोळ्यांत विनवणी असती तर एकवेळ मी घाबरलो असतो. पण तू नुसती खात्रीनं बघत होतीस, जसं काही उत्तर तुझ्या पदरात आधीच पडलंय.

"उजव्या," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तर पोर म्हणून सोडून दिलं असतं कुणीही. थांबलो नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पळत जाऊन दोरीवरचं आप्पांचं धोतर आणलं, चुलीतला विझलेला कोळसा घेतला, आणि त्या झिरमिरीत धोतरावर बाई काढली. गोल डोकं, दोन डोळे, अंबाडा, एका हातात लांब चाबूक. एक टोक मशीनवाल्याच्या हातात दिलं, एक मी धरलं, आणि दारातल्या उजेडात ताणून उभा राहिलो. "हितनं बघा. उजवा हात. आता मागं जाऊन बघा." एकेक गाडीवान उष्ट्या हातानं उठून मागं जाऊन बघून आला आणि "आयला!" म्हणत परत बसला. आत्या गेली. आत्या परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता. मग मी तुला हाक मारली. "ये अव्वा, तू बी बघ."

तू आलीस. पुढून बघितलंस. मागं गेलीस. परत पुढं आलीस. असं तीनदा. मग त्या चाबकावर बोट ठेवलंस, तुझ्या बोटाला काजळी लागली आणि चाबूक फिसकटला. "म्हंजी आमी समद्या..." तू म्हणालीस आणि बोट पदराला पुसलंस. मशीनवाला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पोरगं हुशार हाय तुमचं." मला आतून असं फुगल्यासारखं झालं, तसं नंतर आयुष्यात कधीच झालं नाही. आप्पा गल्ल्यावरून म्हणाले, "धोतर धुवावं लागंल आता." त्या सगळ्या दिवसात आप्पा बोलले ते एवढंच.

आत्या पट्टी घेऊन आली. तू तिच्याकडं पाठ केलीस आणि हात स्वतःच मागं नेऊन दिलास.

तंबू दोन दिवसांनी उठला. डबे मीच गाडीत चढवले. मशीनवाला म्हणाला, "पुढच्या साली बघू." आणि गेले.

पुढच्या सालाच्या जत्रेआधीच तू गेलीस. आमटीचं मोठं पातेलं चुलीवरून उतरवायचं होतं. पंगत बसलेली, हात बांधलेला. रोज आत्या सोडायची, तू उतरवायचीस, ती परत बांधायची. त्या दिवशी आत्या पुढं पैशांवरून कुणाशी तरी भांडत होती. तू हाक मारली नाहीस. पंगत खोळंबली होती म्हणून, की तिला हाक मारायचा कंटाळा आला होता म्हणून, मला ठाऊक नाही. एका उजव्या हातानं तू ते कड्याला धरून उचललंस. कंबरेपासून खाली सगळी भाजलीस. नऊ दिवस होतीस. मध्ये एकदा पाणी मागितलंस, मी पेला पुढं केला आणि तू तो डाव्या हातानं घेतलास. आत्या उशाशी बसली होती. तिनं तुला पिऊ दिलं. मरणाऱ्याला मोकळीक असते वाटतं. मग आपल्या लिंगायतांचा जंगम आला, तुला खड्ड्यात बसवली, आणि लिंग ठेवायला त्यानं तुझा डावा तळहात उघडायला सांगितलं. बोटं आखडली होती. आत्यानंच ती एकेक करून सरळ केली, ते चार डाग वर आले, आणि तिनं पटकन तळहात फिरवून वर केला. गाव हात जोडून उभं होतं. मी आत्याकडं बघत होतो. आप्पांनी डोळे मिटले होते.

चौदाव्या वर्षी मी दुसऱ्या एका तंबूबरोबर पळालो. येडशीला रेल्वे धरली. बार्शी, सोलापूर, मग इथं. एका जागी चार महिने बूड टेकलं की मला खाज सुटते. तीन यत्ता शिकलो, त्यातलंही निम्मं उर्दू. मराठी लिहायला लागलो ते इथल्या भिंतींवरचे कागद वाचून वाचून. तुला आजच लिहायचं काय अडलं होतं, तर काल एक झालं. बायकांची फौज काढत होतो. आठ पोरी ओळीनं, हातात लाकडी तलवारी, पुढं ती घोट्यावाली राणी. सात तलवारी एका बाजूला वर जायच्या, एक दुसऱ्या बाजूला. साहेब तीनदा ओरडला. ती एक डावरी पोरगी रडकुंडीला आली, हात ऐनवेळी फिरायचाच. साहेब म्हणाला, "बांधा तिचा तो हात." मी जवळ होतो. दिव्याची सुतळी होती कंबरेला. मी तिचं मनगट मागं नेलं, कंबरेला बांधलं, वरून पदर टाकला. ती म्हणाली, "भाऊ, जरा सैल बांधा." आणि माझ्या तोंडातून आलं, "उजव्या हाताची सवय कर." आवाजसुद्धा माझा नव्हता, अव्वा. राणीनं वळून बघितलं. मला वाटलं आता ही थोबाडीत मारणार. मारायला पाहिजे होती. तिनं स्वतःचा पदर सारखा केला आणि पुढं बघून तलवार उगारली. सिनेमा येईल तेव्हा ती फौज फार शोभून दिसेल. बायका उठून उभ्या राहतील.

म्हणून आता एक सांगतो, आणि मग हे भांडण तू जिंकलीस की मी, ते तूच बघ. त्या दिवशी तंबूत मी पडद्याकडं बघितलंच नव्हतं. मी सगळा वेळ पडद्याकडं पाठ करून बसलो होतो, यंत्राकडं बघत, त्या फिरणाऱ्या रिळांकडं, मशीनवाल्याच्या बोटांकडं. चाबकाचा आवाज तेवढा ऐकला. आत्यानं विचारलं तेव्हा मला कुठलाच हात आठवत नव्हता. मी मशीनवाल्याचं तोंड बघितलं आणि त्याला जे आवडेल ते बोललो. ते खरं निघालं, एवढंच. तू निदान बघितलं तरी होतंस.

आप्पांनी कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलंय. रझाकारांच्या दंगलीपासून खानावळ बंद आहे. आत्याचं अंग वाऱ्यानं गेलंय, दोन्ही हात उचलत नाहीत, दुसऱ्यानं घास भरवावा लागतो. आप्पांकडून होत नाही, मी यावं, असं लिहिलंय. मी जाणार नाही. माझ्या खोलीतला येडशीचा एक गडी उद्या गावाकडं निघालाय, त्याच्याकडून निरोप पाठवतोय की आत्याला भरवायला एक बाई ठेवा, पण बाई डावरी बघा, तिनं दिवसातून तीन वेळा डाव्याच हातानं भरवायचं, आणि तशी मिळाली नाही तर पैसे परत पाठवा. हा कागद त्याला देत नाही. त्या बाईचा पहिल्या महिन्याचा पगार तेवढा देतोय, बारा रुपये, निजामाचे नव्हेत, कलदार.